पेशीला पेरूच्या वडीची भिंत

निसर्गाने पेशी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक केली, त्यामागे आईबापांबद्दलची थोडी तरी कणव असलीच पाहिजे. शाळेला मात्र ती नसते. शाळा म्हणते, पेशी मोठी करून आणा, रंगवून आणा, आणि सोमवारी सकाळी आणा. मोरेलिया शहरातल्या ज्या घरात सातवीतलं पोर आहे, त्या घरातला बाप एकदा तरी थर्माकोलचा गोळा मांडीवर घेऊन रडवेला झालेला असतो. त्याबद्दल कोणी बोलत नाही एवढंच.

रोसेंदो विलिकान्यावर ही पाळी शुक्रवारी दुपारी जेवताना आली.

"पापा, सोमवारी मॉडेल न्यायचंय," युनुएन सूप भुरकत म्हणाली. "वनस्पतीची पेशी आणि माणसाची पेशी. दोघींतला फरक दिसला पाहिजे. उलिसेस मामाला फोन करू?"

शेवटचं वाक्य पोरीने मीठ मागावं तितक्या सहज म्हटलं, पण रोसेंदोने तोंडाशी नेलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, परत ताटात ठेवली. उलिसेस म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. इंजिनियर. गेल्या वर्षी या उलिसेसने भाचीला पारिकुतिन ज्वालामुखीचं मॉडेल करून दिलं होतं. त्यातून खरा धूर निघाला, लाल रस वाहिला, मुख्याध्यापकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या खुर्चीवरच्या एका आजीबाईंनी घाबरून छातीवर क्रूसाची खूण केली. त्या सगळ्या सोहळ्यात रोसेंदोकडे प्लग धरून उभं राहायचं काम होतं. तेव्हापासून सायकलची चेन पडली, गणित अडलं, बरणीचं झाकण घट्ट बसलं की युनुएनच्या तोंडी मामा. चेन आणि गणिताचं एक वेळ समजू शकतो. पण झाकण उघडायलाही माणूस बाहेरून बोलवायचा असेल, तर बाप म्हणून घरात शिल्लक काय राहिलं?

"मामाला कशाला त्रास?" रोसेंदो शक्य तितक्या थंडपणे म्हणाला. "पेशी मी करीन."

त्याची बायको ब्रिहिदा इस्पितळात परिचारिका होती आणि वाईट बातमी ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे तिला ठाऊक होतं. तिने तसाच चेहरा ठेवला.

रोसेंदो नगरपालिकेत परवान्यांच्या खिडकीवर बसायचा. खिडकीबाहेरची माणसं त्याला 'लिसेंसियादो' म्हणत. हा मान पदवीधर वकिलाचा. रोसेंदोची पदवी अर्ध्यावर राहिली होती, पण समोरचा इतक्या प्रेमाने म्हणतोय तर उगाच कशाला दुरुस्त करा, असा त्याचा विचार. असा माणूस एका पेशीला भिणार नव्हता. जी दिसतसुद्धा नाही, तिला काय भ्यायचं?

शनिवारी तो कोपऱ्यावरच्या डोन्या लालाच्या, म्हणजे लालाबाईच्या, वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेला. या दुकानात जगातला कुठलाही विषय एका छापील कागदावर मिळतो, पुढे चित्रं, मागे माहिती. डोन्या लालाने त्याला बघताच चष्मा वर सरकवला.

"पेशी ना? थर्माकोलचे गोळे संपले. सकाळपासून सातवीचे बाप येऊन रडून जाताहेत. वनस्पतीचा कागद आहे, माणसाचा संपला. हा घ्या, प्राण्याची पेशी."

"मला माणसाची हवी आहे, डोन्या लाला."

"अहो तेच ते! गाईची काय, डुकराची काय, तुमची काय, आतून सगळं सारखंच."

रोसेंदोला हे मुळीच रुचलं नाही. परवाना विभागातल्या माणसात आणि डुकरात अगदी पेशीपर्यंत गेलं तरी काहीतरी फरक असावा, अशी त्याची किमान अपेक्षा होती. पण मागे आणखी दोन बाप येऊन उभे राहिले होते, तेव्हा त्याने गुपचूप प्राणी काखेत मारला.

"आणि गोळे नाहीत तर जेलीची करा," डोन्या लाला मागून ओरडली. "तुमची बायको वाढदिवसाला करते तशी. आतलं सगळं दिसतं!"

जेलीची पेशी! रोसेंदोला रस्त्यातच डोळ्यांसमोर दिसली. आरपार, चमकणारी, किंचित थरथरणारी. उलिसेसच्या ज्वालामुखीतून नुसता धूर निघाला होता. हिच्यातून प्रकाश जाणार होता.

रविवारी सकाळी ब्रिहिदा ड्यूटीला निघताना दारात थांबली. "काही अडलं तर मला फोन करा. माणसाच्या पेशीबद्दल मला थोडंफार कळतं हो."

"तू निर्धास्त जा," रोसेंदो म्हणाला. कमरेला तिचाच एप्रन होता. त्याला खिसा होता आणि खिशावर बदक होतं.

ती गेली न गेली तोच शेजारचे डोन नाबोर हजर. नाबोर हे युनुएनचे बारशातले धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, आणि त्या नात्याने नाबोर न विचारता घरात येत आणि न विचारता सल्ला देत. आयुष्यभर त्यांनी कवळ्यांचे साचे पाडले होते. त्यामुळे जगात जे जे साच्यात ओतलं जातं त्यावर आपला अधिकार आहे असं ते मानत.

"कोंपाद्रे, भिंत आधी," नाबोर खुर्ची ओढत म्हणाले. "वनस्पतीच्या पेशीला भिंत असते. ती कशाची करणार?"

त्यावर बरीच चर्चा झाली. बिस्किट भिजेल, चॉकलेट वितळेल. शेवटी पेरूची वडी ठरली. ही घट्ट, लालसर वडी मोरेलियातल्या प्रत्येक फडताळात असतेच; पाहुणा आला की कापायची आणि पाहुणा गेला की उरलेली झाकून ठेवायची. रोसेंदोने सुरीने तिच्या विटा पाडल्या आणि चौकोनी ताटात चारी बाजूंनी भिंत रचली. ती इतकी सुरेख उभी राहिली की नाबोरनी तिच्यावर बोट वाजवून पाहिलं.

"पापा, ऐका," युनुएन स्टुलावर बसून कागद वाचत होती. "वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं असतात. ती उन्हापासून अन्न तयार करतात. माणसाच्या पेशीत ती नसतात."

"हिरवं काहीतरी हवं," रोसेंदो म्हणाला.

"किवी!" नाबोर गरजले. "आणि रंग कशाला, ताज्या अननसाचा रस घाला. माझ्या घरी कापलेलाच आहे. ताजा, कोंपाद्रे, ताजा! डब्यातलं म्हणजे फसवणूक."

"रिक्तिका," युनुएन वाचत राहिली. "वनस्पतीत एकच, खूप मोठी. पाणी साठवते. माणसात अगदी छोट्या छोट्या."

"फुग्यात पाणी भरू."

"पापा, मी भरू? आणि हे घेवडे मी लावू का? तंतुकणिका दोन्हीकडे असतात, त्या..."

"थांब थांब, सांडशील. तू वाच."

युनुएनने हातातला घेवड्याचा दाणा परत वाटीत टाकला आणि पुढे वाचू लागली. माणसाच्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ आवरण असतं. तारककाय माणसाच्या पेशीत असतो. केंद्रक दोघींत असतं. रोसेंदो 'हं, हं' करत होता, पण त्याचं सगळं लक्ष अवोकाडोच्या बीकडे होतं, कारण केंद्रक म्हणून ती इतकी शोभत होती की निसर्गाने तीच डोळ्यांपुढे ठेवून केंद्रक बनवलं असावं असं त्याला वाटायला लागलं होतं.

दुपारी उलिसेस आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण बातमी त्या गल्लीत फोनची वाट बघत नाही. त्याने दोन्ही ताटांभोवती फेरी मारली, फ्रिजमधली उरलेली वडी काढली आणि चीज लावून खायला बसला.

"भावोजी, ही गोल कसली?"

"माणसाची."

"आणि हिला भिंत नाही, तर ही उभी कशी राहणार?"

ही शंका रोसेंदोच्या मनात सकाळपासून टोचत होती, पण ती उलिसेसच्या तोंडून आल्यावर तिला उत्तर देणं भाग होतं. त्याने माणसाच्या भांड्यात जिलेटिनची पूड दुप्पट टाकली. उलिसेस 'अरे वा' म्हणाला. रोसेंदोने तिप्पट केली.

संध्याकाळी फ्रिज उघडला तेव्हा माणसाची पेशी साच्यातून टणकन बाहेर आली आणि ताटावर एकदा उडाली. इतकी कडक झाली होती की नाबोरनी तिला पुन्हा बोट वाजवून पाहिलं आणि आदराने मान हलवली. वनस्पतीची पेशी मात्र जशी ओतली तशीच होती. पाणी. किवी तरंगत होते, घेवडे बुडाले होते, फुगा एका कोपऱ्यात कलंडला होता, आणि ज्या भिंतीच्या आत हे चाललं होतं ती तेवढी ताठ उभी होती.

"अननस ताजा घातला काय?" कागदाचे सुटे पैसे परत द्यायला आलेल्या डोन्या लालाने दारातूनच विचारलं. "कच्च्या अननसाने जेली कधी जमत नाही, बाई! किवीने तर नाहीच नाही. हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा."

"बाईला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं असतं," उलिसेस वडी चावत म्हणाला.

नाबोर यांना अचानक घरी नळ चालू राहिल्याची आठवण झाली आणि ते गेले.

"मामा, तू नीट करशील का?" युनुएनने हळूच विचारलं. ती हळूच बोलली हेच रोसेंदोला जास्त लागलं.

"काही नीट करायचं नाही," तो म्हणाला. "पेशीच्या आत द्रवच असतो. कागदावर लिहिलंय." कागदावर तसं लिहिलं होतं खरं, पण त्यात किवी तरंगतात असं नव्हतं.

सोमवारी बापलेक लाल कॉम्बीत चढले. कॉम्बी म्हणजे आमची बसकी व्हॅन, माणसं बाकांवर समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतात आणि भाड्याचे पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोचवतात. मागच्याने पुढच्याच्या हातात काहीही ठेवलं की पुढच्याने ते न बघता आणखी पुढे द्यायचं, ही कॉम्बीची शिस्त. युनुएन पुढे बसली, रोसेंदोला अगदी मागे जागा मिळाली. खिशातून पैसे काढायचे म्हणून त्याने माणसाच्या पेशीचं ताट क्षणभर शेजारच्या बाईकडे दिलं.

तिने ते पुढे दिलं.

"अहो, ते नाही! ते भाडं नाही!"

पण ताट आता वेग घेऊन निघालं होतं. गणवेशातली पोरगी, पिठाची पोती घेतलेला माणूस, कोंबडी कुशीत घेतलेल्या आजी, सगळ्यांनी ते कर्तव्यबुद्धीने पुढे सरकवलं. ड्रायव्हरने आरशात न बघता हात मागे केला, तळव्यावर माणसाची पेशी आल्यावर दचकून ब्रेक दाबला, आणि मागे रोसेंदोच्या मांडीवरच्या वनस्पतीने भिंत ओलांडली.

"अरेरे, बाळाने ओलं केलं का?" आजींनी मागे वळून विचारलं.

"अननस आहे!" रोसेंदो ओरडला. सदरा, पँट, मोजे. शेजारच्या बाईने आपल्या रुमालाने त्याचे गुडघे पुसले, मांडीवर पडलेली भिंतीची एक वीट उचलली, 'तुमची परवानगी असेल तर' म्हणून तोंडात टाकली आणि छान आहे म्हणून सांगितलं. मग संबंध कॉम्बीने एकमताने ठरवलं की ताट सपाट राहायला हवं. पोत्यावाल्याने एक कोपरा धरला, आजींनी कोंबडी, माणसाची पेशी मांडीवर घेऊन बसलेल्या युनुएनकडे देऊन दुसरा धरला. वळण आलं की सगळे एकदम ओरडत, "डावीकडे! डावीकडे!" ड्रायव्हरला ते आपल्यालाच सांगताहेत असं वाटून त्याने खरंच डावीकडे घेतलं, आणि रविवारपासून बंद असलेल्या रस्त्याला वळसा घालून गाडी शाळेत पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती.

फाटकावर डोन चोन नावाचा पहारेकरी होता. त्याने दोन्ही ताटं बघितली आणि हात आडवा केला.

"खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, लिसेंसियादो. आत उपाहारगृह आहे, विक्रीचा हक्क त्यांचा. त्यांची परवानगी आणा."

"हा खाण्याचा पदार्थ नाही. मॉडेल आहे."

"मॉडेल असेल तर शिक्षण-साहित्य. त्याला बाईंची चिठ्ठी लागते."

"बाई आत आहेत. आत गेल्याशिवाय चिठ्ठी कशी आणू?"

"चिठ्ठीशिवाय आत कसं सोडू?" डोन चोन शांतपणे म्हणाला. "गेल्या महिन्यात मी तुमच्या खिडकीवर आलो होतो, आठवतं का? माझ्या बहिणीच्या टपरीचा परवाना. तुम्ही म्हणालात, तिकडची चिठ्ठी आणल्याशिवाय इकडचा शिक्का नाही, आणि तिकडचे म्हणाले..."

रोसेंदोला आठवलं. खिडकीच्या आतून ते किती सोपं, किती स्वच्छ वाटलं होतं. बाहेर उभं राहून, मोज्यात अननस घेऊन, ते ऐकायला इतकं वाईट लागतं हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल; तो शिक्का शोधत असेल.

"तुमच्या बहिणीला उद्या पाठवा," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "मी स्वतः बघतो."

"ते वेगळं. नियम वेगळा." डोन चोनने वनस्पतीच्या पेशीतून एक हरितलवक बोटांनी उचललं, तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि चेहरा वाकडा केला. "बरोबर आहे तुमचं. हा खाण्याचा पदार्थ नाही. जा आत."

वर्गात भिंतीलगत आईबाप ताटकळत होते आणि बाकांवर पेशी मांडलेल्या होत्या. थर्माकोलच्या, मातीच्या, एक तर चक्क लोकरीची. रोसेंदोने आपली ताटं ठेवली. माणसाची पेशी कोंबडीने दोन ठिकाणी टोचली होती. वनस्पतीच्या पेशीत तळाशी दोन बोटं रस उरला होता, फुगा फुटला होता आणि भिंतीला कॉम्बीतल्या बाईने खिडकी पाडली होती. आजवर कुठल्या पेशीला खिडकी नव्हती.

एर्मिला बाई आल्या. पिकलेले केस, खडूने पांढरी झालेली बाही. त्यांनी मॉडेलांकडे बघितलंसुद्धा नाही.

"मुलांनो, हात पुढे."

मुलांनी हात पुढे केले. स्वच्छ, कोरडे, निरागस हात.

"आता पालकांनी."

भिंतीलगत एकदम हालचाल झाली. हात खिशात गेले, पर्समागे गेले, एका वडिलांनी तर ते डोक्यावर ठेवले. पण बाई थांबून राहिल्या, आणि एकेक करून हात बाहेर आले. डिंकाने चिकटलेले, निळे, केशरी, कापलेल्या बोटांवर पट्ट्या लावलेले. रोसेंदोचे कोपरापर्यंत हिरवे होते.

"ठीक," बाई म्हणाल्या. "ज्याने मॉडेल केलं त्याची तोंडी परीक्षा. लिसेंसियादो, तुमच्यापासून."

"माझी?" रोसेंदोने आजूबाजूला पाहिलं. सव्वीस पोरं, त्यांचे आईबाप, आणि समोरच्याच बाकावर युनुएन. "मी काय सांगू?"

"वनस्पतीच्या आणि माणसाच्या पेशीतला फरक. बसा हवं तर."

तो बसला नाही. पोरांच्या खुर्चीत तो मावला नसता, आणि एकदा बसला असता तर परत उठला नसता.

"वनस्पतीला भिंत असते," तो म्हणाला.

"कशाची?"

"पेरूची."

वर्गात हशा फुटला. मागची पोरं बाकांवर पालथी पडली. युनुएन हसली नाही. तिचे ओठ हलायला लागले होते.

"युनुएन, सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "पुढे, लिसेंसियादो. उन्हापासून अन्न कोण तयार करतं?"

रोसेंदोने डोळे मिटले. काल दिवसभर जे जे केलं ते त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, त्यात अवोकाडोची बी होती, नाबोर होते, पण माहिती नावाची गोष्ट कुठे नव्हती. मग त्याला आवाज आठवला. स्टुलावरून येणारा, न थांबणारा, पोरीचा आवाज. तो सबंध दिवस चालू होता आणि त्याने एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. पण ती वाटत असतानाच त्याला शब्द ऐकू यायला लागले.

"हरितलवकं," तो म्हणाला. "ती वनस्पतीत असतात. माणसात नसतात. म्हणून... म्हणून माणसाला स्वयंपाकघर लागतं."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "रिक्तिका?"

"वनस्पतीत एकच मोठी, पाण्याची. आमच्यात छोट्या छोट्या." तो 'आमच्यात' म्हणाला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. "केंद्रक दोघींत असतं. घेवडे... तंतुकणिका, त्याही दोघींत. तारककाय फक्त माणसात, पण तो मी घालायला विसरलो. तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि माणसाच्या पेशीला भिंत?"

"नसते. नुसतं पातळ आवरण."

"मग ही तुमची माणसाची पेशी एवढी कडक कशी?" बाईंनी तिच्यावर पेन्सिल आपटली. ठक्क आवाज आला.

रोसेंदो त्या गोळ्याकडे बघत राहिला. तिप्पट पूड. "मेहुणा समोर बसला होता," तो म्हणाला.

एर्मिला बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी त्याला दहापैकी सात दिले, आणि पेरूबद्दल एक कापला असंही सांगितलं. मग युनुएनला उभं केलं. पोरीने न अडखळता सगळं सांगितलं, कागदावर नव्हतं तेही, आणि दहाच्या दहा घेऊन खाली बसली. लोकरीच्या पेशीच्या आईला तीन मिळाले. तिच्याकडे बघून रोसेंदोला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल थोडं वाईटही.

संध्याकाळी ब्रिहिदा घरी आली तेव्हा उलिसेस आधीच स्वयंपाकघरात बसला होता. त्याने आल्या आल्या फ्रिज उघडला, वडी संपली म्हणून हळहळला आणि मग मूळ मुद्द्यावर आला.

"काय भावोजी, पेशी पोचली का धड?"

"सांडली," युनुएनने सांगितलं. "पण पापा पास झाले."

"पास? कशात?"

"पेशीत. बाईंनी तोंडी घेतली. सात मिळाले!" ती हे अशा आवाजात म्हणाली की ब्रिहिदाने हातातली पर्स खाली ठेवली. "मामा, तू सांग बरं. माणसाच्या पेशीला भिंत असते?"

उलिसेसने खुर्चीत रेलून पाय पसरले. इंजिनियर माणूस. "असणारच. भिंतीशिवाय काही उभं राहतं का कधी?"

युनुएनने मामाकडे बघितलं. मग तिने खुर्ची उचलून बापाच्या शेजारी आणून ठेवली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "पापा, तुम्ही सांगा याला."